कोणतं पिंपळगाव? स्पॅनिश गावनावं फोडून वाचायची रीत

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मशीनचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला बसते. सतरा वर्षं झाली. आमचा बराचसा माल स्पेनला आणि मेक्सिकोला जातो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचे कागद आणि पेटीवर काय रंगवायचं ते अण्णांना लिहून देणं, हे माझं काम. स्पॅनिश मला येत नाही. पलीकडून कोणी भडाभडा बोलायला लागलं की मी फोन साहेबांकडे देते. पण एखाद्या स्पॅनिश गावाचं नाव समोर ठेवा, त्याचे सांधे कुठे आहेत ते मी दाखवते. ही विद्या हौसेने आलेली नाही, बोलणी खाऊन आलेली आहे.

2016 च्या पावसाळ्यात चौदा किलोची सॅम्पलची एक पेटी कुरिअरने पाठवायची होती. गाव ग्वादालाहारा. मी कॉम्प्युटरवर पहिली चार अक्षरं टाकली, यादीत वर आलं त्यावर क्लिक केलं आणि चहाला गेले. वर आलं होतं ते मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. आमचं गिऱ्हाईक बसलं होतं माद्रिदच्या शेजारच्या ग्वादालाहारात. पेटी पोचली महासागराच्या दुसऱ्या काठाला. तिला परत फिरवायचा खर्च पेटीतल्या मालापेक्षा जास्त आला आणि त्या दिवशी केबिनमध्ये जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाहेर आले तर अण्णा पत्र्याचं स्टेन्सिल कापत बसले होते. अण्णा पिंपळगाव बसवंतचे. मान वर न करता म्हणाले, "ताई, आमच्याकडं कोणी नुसतं पिंपळगाव म्हटलं, तर कंडक्टरसुद्धा विचारतो, कोणतं? बसवंत का बहुला? तुम्ही विचारलंच नाही."

तेव्हापासून मी विचारते. आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांनाही हेच शिकवते.

आधी शेपूट धरा

स्पॅनिश नाव डावीकडून वाचायला लागलात तर फसाल. मधला 'दे' शोधा. 'दे' म्हणजे आपलं चा-ची-चे. कधी तो 'देल' होऊन येतो, कधी 'दे ला', 'दे लोस'. त्याच्या आधीचं डोकं, नंतरचं शेपूट. डोकं पाच-पन्नास गावांचं एकच असतं, ओळख पटते ती शेपटावरून.

अल्काला नावाची गावं स्पेनमध्ये कितीतरी. त्यातलं अल्काला दे एनारेस हे एनारेस नदीकाठचं. अल्काला दे ग्वादाइरा हे ग्वादाइरा नदीचं. अल्काला ला रेआल म्हणजे राजाचं, सरकारी. सगळ्यात जास्त शेपटं नद्यांचीच सापडतात: आरांदा दे दुएरो, मिरांदा दे एब्रो. नकाशावर नदी सापडली की गाव सापडलंच.

दुसरं शेपूट सरहद्दीचं. हेरेस दे ला फ्रोंतेरा, आर्कोस दे ला फ्रोंतेरा, वेहेर दे ला फ्रोंतेरा. फ्रोंतेरा म्हणजे सीमा. आज त्या भागात कसलीच सीमा नाही, सगळं स्पेनच्या पोटात आहे. पण कास्तियाचं ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाचं मुसलमानी राज्य यांची हद्द तिथून जायची, तेव्हाची ही नावं. 1492 मध्ये ग्रानादा पडलं, हद्द पुसली गेली, शेपूट राहिलं. (यातल्या हेरेसच्या नावावरूनच इंग्रजांनी तिथल्या दारूला शेरी म्हणायला सुरुवात केली. नाशिककरांना एवढं माहीत असायला हरकत नाही.)

आपल्याकडेही शेपटात जुना कारभार अडकून बसलेला असतोच. वडनेर भैरव म्हटलं की देव कळतो. वडनेर दुमाला म्हटलं की जमीन कधीकाळी इनामात होती हे कळतं, मग आज दुमाला म्हणजे काय ते गावातल्या पोरांना सांगता येवो न येवो. तिकडे वियाफ्रांका नावाची गावं आहेत. 'फ्रांका' म्हणजे करातून मोकळी. लोकांनी येऊन वस्ती करावी म्हणून राजाने दिलेली सवलत नावातच कोरून ठेवलेली. आणि वियारेआल म्हणजे थेट राजाचं गाव.

बुद्रुक-खुर्दही सापडतात बरं का. वडगाव बुद्रुक मोठं, वडगाव खुर्द धाकटं, हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. आता भूमध्य समुद्रातली दोन बेटं घ्या, मायोर्का आणि मेनोर्का. लॅटिनमध्ये 'मायोर' म्हणजे मोठा, 'मिनोर' म्हणजे लहान. झालं, बेट बुद्रुक आणि बेट खुर्द. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगत सुटले होते. कोणाला विशेष वाटलं नाही.

शेपूट गाळलं की काय होतं याचं नेमकं उदाहरण कार्ताहेना. स्पेनमध्ये एक बंदर कार्ताहेना, कोलंबियात दुसरं. कोलंबियातल्याचं पूर्ण नाव कार्ताहेना दे इंदियास, 1533 मध्ये वसवलेलं. 'इंदियास' म्हणजे आपण नव्हे. अमेरिकेलाच ते लोक त्या काळी इंदियास म्हणायचे. कागदावर नुसतं कार्ताहेना आलं तर मी पुढे जात नाही, बंदराच्या कोडची पहिली दोन अक्षरं बघते. ईएस असेल तर स्पेन, सीओ असेल तर कोलंबिया.

आणि मूळ कार्ताहेना म्हणजे तरी काय? कार्थेजवाल्यांच्या भाषेत 'कार्त हदाश्त', नवं नगर. रोमन आले, त्यांनी त्याला 'कार्थागो नोव्हा' म्हटलं, म्हणजे नवं कार्थेज. अर्थ लावत बसलात तर नवं नवं नगर. नवीन नवापूरच की.

मग डोक्यावरचा अल् उतरवा

711 मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि पुढे जवळजवळ आठशे वर्षं देशाचा कुठला ना कुठला तुकडा मुसलमानी राजवटीखाली होता. त्यामुळे दक्षिण स्पेनच्या नकाशावर 'अल्'ने सुरू होणाऱ्या नावांचा पाऊस आहे. अल् हे अरबी उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. ते कापा आणि उरलेलं मोठ्याने म्हणा. मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे, कारण तेच अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आले, फक्त येताना अल् मागे ठेवून आले.

अल्काला: अल्-कलआ. म्हणजे आपला किल्ला. शब्द तोच.

अल्हेसिरास: अल्-जझीरा अल्-खद्रा, हिरवं बेट. जझीरा म्हणजे आपला जंजिरा. हे जिब्राल्टरजवळचं मोठं बंदर, आमच्या कागदांवर सारखं येतं, आणि आता ते दिसलं की मला मुरुडची आठवण होते.

मालागात आणि आल्मेरियात आल्कासाबा नावाचे कोट आहेत. अल्-कसबा. निफाडकडच्या लोकांनी कान टवकारावेत: कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे यातला तो कसबा हाच. तिकडे तटबंदीचा कोट झाला, इकडे पेठेचं गाव झालं.

शेजारचं जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर. 711 ची ती फौज ज्याने आणली त्या सरदाराच्या नावाचा. आल्कांतारा म्हणजे पूल, आल्मादेन म्हणजे खाण (पाऱ्याची, जगप्रसिद्ध), आल्बासेते म्हणजे सपाट मैदान. बेनिदोर्म, बेनिकार्लो यातला 'बेनि' म्हणजे अमक्याची मुलं, अमक्याचं घराणं. आपल्याकडे भावकीच्या नावाने वाडी असते तसं.

अल् म्हणजे काय हे स्पॅनिश लोक पुढे विसरले. म्हणून ग्रानादातल्या राजवाड्याला ते 'ला आल्हाम्ब्रा' म्हणतात. त्यांचं स्वतःचं उपपद 'ला' वेगळं, अरबीचं अल् आतमध्ये आधीच बसलेलं. आल्कांताराला रोमन काळातला मोठा पूल आहे, त्याला म्हणतात आल्कांताराचा पूल, म्हणजे पुलाचा पूल. आपला पिवळा पीतांबर काय वेगळा आहे?

सावध एवढंच राहा की प्रत्येक 'अल'मागे अरब नसतो. आल्तामिरा, जिथे गुहेत ती बायसनची प्राचीन चित्रं आहेत, ते 'आल्ता' म्हणजे उंच आणि 'मिरा' म्हणजे नजर टाकणं यांतून झालेलं, अस्सल स्पॅनिश. आलिकांतेची गंमत तिसरीच: रोमन काळातलं लुसेंतुम, अरबांनी त्याला आपलं अल् डकवलं, आणि तेच चिकटून राहिलं.

ग्वाद म्हणजे पाणी, पण गोदा नव्हे

ग्वादालाहारा, ग्वादालकिविर, ग्वादिआना. यातला 'ग्वाद' म्हणजे अरबी वादी: नदी, ओढा, नदीचं खोरं. ग्वादालकिविर म्हणजे अल्-वादी अल्-कबीर, मोठी नदी. कबीर म्हणजे थोर, हे नाशिकमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ग्वादिआनाला रोमन आनास म्हणत; अरबांनी पुढे वादी जोडलं. आणि ज्याने माझी बिनपाण्याने केली ते ग्वादालाहारा म्हणजे वादी अल्-हिजारा, दगडांची नदी, दगडांचं खोरं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात यातला कुठलाच दगड नाही. तो मुलूख जिंकणारा नुन्यो दे गुस्मान हा स्पेनमधल्या ग्वादालाहाराचा, म्हणून ते नाव. कोणी खेडला जन्मलेला माणूस बोटीतून उतरून नव्या गावाला खेड म्हणेल, तसं. पत्त्यात पिनकोड असेल तर तेवढ्यावरही काम भागतं: स्पेनमधलं ग्वादालाहारा 19 ने सुरू होतं, मेक्सिकोतलं 44 ने. हे दोन आकडे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत.

माझी भाची ग्वादालकिविर ऐकून म्हणाली, "मावशी, ही तर गोदावरी!" ऐकायला गोड आहे, पण एक अरबी, दुसरी संस्कृत, दोघींची भेट कधी झालेली नाही. कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडू नका. नाशिकला हे सांगायला लागू नये. शूर्पणखेच्या नाकापासून नऊ शिखरांपर्यंत आपण आपल्याच गावाच्या किती व्युत्पत्ती सांगत आलो आहोत.

झिजलेलं आणि तुटलेलं

स्पॅनिशमध्ये दोन शब्द जोडताना पहिल्याचं शेवट कापायची खोड आहे. 'फुएंते' म्हणजे झरा, त्याचा होतो 'फुएन': फुएनलाब्रादा. 'वाये' म्हणजे खोरं, त्याचा 'वाल': वालदेपेन्यास. 'मोंते' म्हणजे डोंगर, तो मोंतेर्रेयमध्ये मात्र अख्खाच राहिलाय: राजाचा डोंगर. हे मेक्सिकोतलं कारखान्यांचं मोठं शहर, आमचं गिऱ्हाईक. तिथे डोंगर भरपूर आहेत, पण नाव डोंगरावरून नाही. 1596 मध्ये शहर वसलं तेव्हाचा व्हाइसरॉय मोंतेर्रेयचा काउंट होता, आणि ते मोंतेर्रेय स्पेनच्या गालिसियातलं. म्हणजे गावावरून माणसाचं नाव, माणसावरून पुन्हा गावाचं. कुणा तळेगावकरांच्या नावाने तळेगावकरनगर व्हावं, तसला प्रकार.

'विया' म्हणजे गाव, ते बहुतेक अखंड राहतं: वियानुएवा, नवं गाव. 'तोर्रे' म्हणजे बुरूज: तोर्रेमोलिनोस, गिरण्यांचा बुरूज. झाडांच्या राईला मागे 'एदो' लागतो: 'ओल्मो' हे एल्मचं झाड, ओल्मेदो ही त्याची राई. आपल्या पळसे, वडाळा, पिंपळगावचा गोतावळा.

'इयो', 'इया' हे लाडाचे, लहानपणाचे प्रत्यय. नाशिकच्या द्राक्षबागांत वाइनची एक काळी जात आहे, तेंप्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर, तेंप्रानियो म्हणजे लवकर पिकणारं पिल्लू. 'कास्त्रो' म्हणजे गढी, कास्त्रियो ही छोटी गढी. पण सेविया पाहून 'छोटं सेव' म्हणू नका. रोमनांचं हिस्पालिस, अरबांच्या तोंडी इश्बीलिया, त्याचं झालं सेविया. तो 'इया' प्रत्यय नाही, झिजून उरलेला तुकडा आहे.

झिजलेली नावं ही सगळ्यात अवघड, इथे युक्ती चालत नाही, पाठच करावी लागतात. प्रतिष्ठानचं पैठण झालं हे ज्याला माहीत नाही तो नुसतं पैठणकडे बघून काय सांगणार? तसं सारागोसा हे मुळात सीझर आगस्टसच्या नावाचं 'सेझारऑगुस्ता', मध्ये अरबीत 'सरकुस्ता'. लेओनचा अर्थ आजच्या स्पॅनिशमध्ये सिंह, शहराच्या चिन्हावरही सिंह, पण नाव आलंय 'लेजिओ'वरून, रोमन पलटणीची छावणी. मेरिदा मला सगळ्यात आवडतं. इसवीसनापूर्वी 25 मध्ये सेवा संपलेल्या सैनिकांना वसवण्यासाठी काढलेलं 'एमेरिता ऑगुस्ता'. प्रोफेसर एमेरिटस म्हणतात त्यातला तो एमेरिटस. देवळाली कॅम्पाच्या आसपास माजी सैनिकांच्या कॉलन्या बघते तेव्हा मी मनात म्हणते, ही आमची मेरिदा.

उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेतलं एकच सांगते. 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं. एचेबेर्री झिजत झिजत झालं हाविएर, नावार्रातलं एक गाव. तिथल्या गढीत जन्मलेला फ्रान्सिस 1542 मध्ये गोव्यात उतरला. त्या हाविएरचं आपण झेवियर केलं आणि शाळा-कॉलेजांवर लावलं. अर्थ काय? नवघर. वसईला, उरणला नवघर आहेच.

संतांची गावं

पुरुष संताच्या आधी 'सान', स्त्रीच्या आधी 'सांता'. पण नाव 'तो' किंवा 'दो'ने सुरू झालं की सानचा 'सांतो' होतो: सांतो दोमिंगो, सांतो तोमास. काही ठिकाणी संत नावात विरघळून गेलाय. सांतियागो म्हणजे संत यागो. सांतांदेर म्हणजे संत एमेतेरियो, साआगुन म्हणजे संत फाकुंदो. आता ओळखून दाखवा.

मेक्सिकोत बऱ्याचदा पुढे संत आणि मागे तिथल्या मूळ लोकांचा शब्द: सान पेद्रो त्लाकेपाके, सान आंद्रेस तुश्तला. सान लुईस पोतोसीत मात्र मागे बोलिव्हियातल्या चांदीच्या खाणीचं नाव, आपल्याही खाणीतून तेवढीच चांदी निघो म्हणून. मूळ नाव स्पॅनिश कानाला नीट लागलं नाही तर तोडमोडही झाली. कुआउनाहुआक म्हणजे झाडांजवळ. स्पॅनिश लोकांनी ते ऐकलं कुएर्नावाका, ज्याचा शब्दशः अर्थ लावला तर गाईचं शिंग. नावात 'त्लान' दिसलं की जागा, 'तेपेक' दिसलं की डोंगर. मासात्लान बंदर म्हणजे हरणांची जागा. चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांचा डोंगर.

घाट आणि बंदर

हे फक्त डिस्पॅचवाल्यांसाठी. पुएर्तो म्हणजे बंदर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. एका नवीन पोराने पुएर्तोयानो वाचलं आणि 'पोर्ट ऑफ डिस्चार्ज'च्या, म्हणजे माल उतरवायच्या बंदराच्या, रकान्यात ते भरून मोकळा झाला. पुएर्तोयानो स्पेनच्या मधोमध आहे, समुद्र तिथून कुठल्याही बाजूला लांब. पुएर्तोचा दुसरा अर्थ डोंगरातली खिंड. पुएर्तोयानो म्हणजे सपाट खिंड. मी पोराला म्हटलं, "रामकुंडावर घाट आहे का?" म्हणाला, आहे. "आणि कसाऱ्याला?" तोही आहे. "कसाऱ्याच्या घाटात अंघोळ करशील का?" त्यानंतर तो चुकला नाही.

माणसाला काय म्हणायचं

आपलं बरं आहे, कुठल्याही गावाला 'कर' लावला की झालं. फार तर येवल्याचं येवलेकर होतं. त्यांच्याकडे प्रत्यय चार-पाच आणि कुठे कोणता हे गावच ठरवतं. माद्रिदचा मद्रिलेन्यो, सेवियाचा सेवियानो, बार्सेलोनाचा बार्सेलोनेस. काही गावांनी माणसासाठी जुनं नाव राखून ठेवलंय: उएल्वाचा माणूस ओनुबेन्से, कारण गाव कधीकाळी ओनुबा होतं, कादिसचा गादितानो. अंदाजाने ठोकून देऊ नका, विचारा. ईमेलमध्ये लिहायचंच असेल तर 'अमक्या गावचे' लिहा, कोणी रागावत नाही.

आणि ती लाट

शेवटी पेटी. मागच्या थंडीत एक ऑर्डर वालदेपेन्यासची होती. दक्षिणेकडचं द्राक्षांचं गाव, म्हणून मला उगाच जवळचं वाटलेलं. 'वाल' खोरं, 'दे' चं, 'पेन्यास' खडक. खडकांचं खोरं. स्पॅनिशमध्ये यातल्या 'न्य'साठी एन काढून त्याच्या डोक्यावर एक लहानशी लाट काढतात. अण्णांच्या पत्र्याच्या अक्षरांत तो एन नाही. त्यांनी साधा एन मारला आणि ब्रश धुवायला उठले.

मी म्हटलं, "अण्णा, वरची लाट राहिली."

"तेवढ्यानं काय होतंय ताई? पोचंल की."

"लाट गाळली की पेना होतं. पेना म्हणजे दुःख. आपण माल दुःखांच्या खोऱ्यात पाठवतोय."

अण्णांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात टेकवला आणि स्टेन्सिल न लावता, हातानेच, एनच्या डोक्यावर एक वेलांटी आडवी केली. सहा पेट्या होत्या. सहाही पेट्यांवर केली.